एपिसोड ४१ : स्वस्त टी-शर्ट, मँचेस्टरचा कळवळा आणि गिरणीचा रविवार

  ज्यांना कानात हेडफोन घालायला वेळ नाही त्यांच्यासाठी हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलतानाचे 'म्हणजे, म्हणजे' थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं आहे.

आजचा विषय एका श्रोत्याने दिलाय. चाकणला एका कंपनीत कामाला आहे, राहतो इकडेच आपल्या हायवेच्या अलीकडे. त्याने व्हॉइस नोट पाठवली. सेलमध्ये तीन टी-शर्ट घेतले, घरी येऊन बघतो तर कॉलरला लेबल, 'मेड इन बांगलादेश'. रूमवर चर्चा सुरू झाली. एक म्हणाला, तिकडच्या बायकांना राबवून घेतात, असले कपडे घेणं म्हणजे पाप. दुसरा म्हणाला, अरे तू नाही घेतलास तर त्या बाईची नोकरी जाईल, मग काय खाईल ती? तिसऱ्याने एकच शब्द टाकला, 'स्वदेशी', आणि मोबाईल बघायला लागला. आमच्या श्रोत्याचा प्रश्न असा की, ताई, तुम्ही इतिहासवाल्या, तुमचं यात काय म्हणणं?

प्रश्न भारी आहे. आणि या तिन्ही उत्तरांवर दीडशे वर्षांपूर्वी मुंबईत आणि इंग्लंडात कचाकचा भांडणं झालेली आहेत. फरक एवढाच, की त्या भांडणात लेबलच्या पलीकडचा, समुद्रापलीकडचा 'स्वस्त मजूर' म्हणजे आपण होतो. आपले रत्नागिरीचे, साताऱ्याचे, पुण्याच्या घाटावरचे पणजोबा-खापरपणजोबा. त्यांच्याबद्दल हाच प्रश्न मँचेस्टरमध्ये विचारला जात होता.

तर चला १८७० च्या दशकात.

मुंबईतली पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांची. कंपनी १८५४ ला निघाली, ताडदेवला गिरणीचा भोंगा प्रत्यक्ष वाजला १८५६ मध्ये. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध झालं, तिकडचा कापूस बंद पडला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात पैसा खेळायला लागला. १८७५ पर्यंत मुंबईत दोन डझनांहून जास्त गिरण्या उभ्या राहिल्या होत्या. त्यांत निघणारं सूत जाडंभरडं. ते इथे खपायचं आणि जहाजं भरभरून चीनलाही जायचं. म्हणजे मँचेस्टरच्या दोन बाजारपेठांत मुंबईने हात घातला होता, एक हिंदुस्थान आणि दुसरी चीन.

मुंबईचं सूत स्वस्त का पडायचं? कापूस जवळचा, हे एक. दुसरं कारण म्हणजे माणसं. गिरणी सूर्य उगवताना सुरू, मावळताना बंद. विजेचे दिवे नव्हते, म्हणून सूर्यच घड्याळ. उन्हाळ्यात हा दिवस तेरा तासांच्या वर जायचा. आठवड्याची सुट्टी असा काही प्रकार नव्हता. सणाला गिरणी बंद राहायची, तर त्या दिवशी यंत्रं पुसायला बोलवायचे. पगार महिन्याचा, तोही उशिरा. सात-आठ वर्षांची पोरं आत काम करायची. कापसाचे तंतू हवेत, दमट उकाडा, आणि यंत्राला जाळी-बिळी काही नाही. हात गेला तर गेला.

आता मँचेस्टरकडे बघू. तिथल्या व्यापाऱ्यांची चेंबर ऑफ कॉमर्स फार ताकदवान संस्था होती. हिंदुस्थानात येणाऱ्या विलायती कापडावर तेव्हा ५ टक्के आणि सुतावर ३.५ टक्के आयात कर होता. १८७४ मध्ये चेंबरने सरकारकडे तक्रार केली की हा कर काढून टाका, यामुळे मुंबईच्या गिरण्यांना संरक्षण मिळतंय. पाठोपाठ दुसरा सूर निघाला. आमच्या लँकेशायरमध्ये कामाच्या तासांवर कायद्याचं बंधन आहे, पोरांच्या कामावरही आहे. मुंबईत मात्र काहीच कायदा नाही. बिचाऱ्या हिंदी मजुरांचे किती हाल! तिथेही फॅक्टरी कायदा व्हायलाच हवा.

ऐकायला किती छान वाटतं, नाही का? बिचारे हिंदी मजूर! या कळवळ्याला मुंबईत कोणीही फसलं नाही. गिरणीमालक म्हणाले, यांना मजुरांची दया नाही आलेली, यांना आमची स्पर्धा नकोय. आणि ते खरंच होतं. पण पूर्ण खरं नव्हतं. कारण १८७५ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात हा विषय काढणारा माणूस होता लॉर्ड शाफ्ट्सबरी. त्याने आपलं अर्धं आयुष्य इंग्लंडातल्या गिरणीतल्या आणि खाणीतल्या पोरांसाठी भांडण्यात घालवलं होतं. त्याला मँचेस्टरचा हस्तक म्हणणं अन्याय होईल. आणि इथे मुंबईत सोराबजी शापूरजी बेंगाली नावाचे पारशी सुधारक होते, त्यांनीही मजुरांच्या संरक्षणासाठी कायदा हवा म्हणून धडपड केली. त्यांना स्वतःच्याच वर्तुळातल्या लोकांच्या शिव्या खाव्या लागल्या. म्हणजे दया आणि धंदा एकाच गाडीत बसून आले होते. कोण कुठे उतरणार, हे कळत नव्हतं.

मुंबई सरकारने १८७५ मध्ये एक कमिशन नेमलं. त्यातल्या बहुमताचं मत पडलं की कायद्याची गरज नाही. तरीही १८८१ मध्ये पहिला फॅक्टरी कायदा झालाच. त्यात काय होतं? सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायचं नाही. सात ते बारा वयाच्या मुलांना दिवसाला नऊ तासांच्या वर राबवायचं नाही. त्यांना महिन्यात चार सुट्ट्या.  मोठ्या माणसांसाठी तासांचं बंधन शून्य. शंभरहून कमी कामगार असतील तर कायदा लागूच नाही. आणि याच काळात मँचेस्टरला हवं होतं तेही झालं. १८८२ पर्यंत कापडावरचा आयात कर जवळपास पूर्ण उठला. कळवळ्यातून कामगाराला काय मिळालं आणि व्यापाऱ्याला काय, ते तुम्हीच तराजूत टाकून बघा.

दुसऱ्या बाजूला आपले राष्ट्रवादी. त्या काळातल्या बहुतेक देशी वृत्तपत्रांनी फॅक्टरी कायद्याला विरोध केला. त्यांचा मुद्दा होता की आपला एकुलता एक आधुनिक उद्योग नुकताच पायावर उभा राहतोय, आणि परकं सरकार परक्या व्यापाऱ्यांच्या सांगण्यावरून त्याच्या पायात बेडी घालतंय. यात तथ्य होतं. पण मग तेरा तास उभं राहणाऱ्या बाईचं काय? त्यावर उत्तर असायचं, उपाशी मरण्यापेक्षा बरं. आपल्या रूमवरच्या दुसऱ्या मित्राचंच उत्तर! अपवाद होते. आगरकरांच्या प्रभावाखालच्या 'मराठा' पत्राने कामगारांची बाजू घेऊन मालकांना सवलती द्या म्हणून सांगितलं. आगरकर म्हणजे आगरकर, ते कळपात चालणाऱ्यातले नव्हतेच.

आता या सगळ्या गोंगाटात एक आवाज अजून आलेला नाही. ज्याच्याबद्दल मँचेस्टर रडतंय आणि ज्याच्या नावाने मालक ओरडतायत, तो कामगार काय म्हणतोय?

इथे आपला माणूस येतो. नारायण मेघाजी लोखंडे. १८४८ मध्ये ठाण्यात जन्म, गरीब फुलमाळी कुटुंब. मॅट्रिकपर्यंत शिकले, रेल्वेत नोकरी, मग पोस्टात, मग एका कापड गिरणीत कारकुनी. गिरणीत गेल्यावर त्यांनी जे डोळ्यांनी बघितलं ते पोटात राहू दिलं नाही. जोतीराव फुल्यांचे ते सहकारी, सत्यशोधक समाजाचे. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये पुण्यात 'दीनबंधु' काढलं होतं, ते पुढे मुंबईतून लोखंड्यांनी चालवलं, १८८० पासून. शेतकरी आणि कामगारांसाठीचं पत्र. आज आपण ज्याला इंडिपेंडंट मीडिया म्हणतो ना, ते हे. जाहिराती नाहीत, कर्ज आहे आणि संपादक स्वतःच सगळं करतोय.

१८८४ मध्ये सरकारने पुन्हा एक फॅक्टरी कमिशन नेमलं. कमिशन म्हटलं की साहेब येणार, मालकांना विचारणार, मॅनेजरला विचारणार, अहवाल लिहिणार. लोखंड्यांनी ठरवलं की या वेळी कामगार स्वतः सांगेल. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला कामगारांच्या सभा घेतल्या, एक २३ तारखेला आणि एक २६ ला. एक निवेदन तयार झालं आणि त्यावर साडेपाच हजार कामगारांच्या सह्या झाल्या. यांतले बहुतेक निरक्षर. तेरा तास काम करून आलेल्या माणसांकडून, चाळीचाळींत फिरून साडेपाच हजार सह्या-अंगठे गोळा करणं! आपल्याला सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरच्या अर्जासाठी चाळीस नावं मिळत नाहीत. असो.

त्या निवेदनात काय मागितलं होतं, हे जरा थांबून ऐका, कारण माझ्या मते आजच्या एपिसोडचा जीव इथे आहे. आठवड्यातून एक दिवस, रविवारी, सगळ्यांना सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावं. महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत हातात पडावा. आणि काम करताना दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पगार मिळावा, कायमचा जायबंदी झाला तर पोटापाण्याची सोय व्हावी.

एवढंच. यात कुठेही 'गिरण्या बंद करा' नाही. 'विलायतेत आमचं सूत घेऊ नका' असंही नाही. 'आम्हाला हे काम मिळालंय हे आमचं भाग्य' असंही नाही. मँचेस्टरला काय वाटतं याचा हिशोब नाही आणि राष्ट्राच्या उद्योगाचं काय होईल याचीही भीती नाही. अर्धा तास जेवण, एक दिवस विश्रांती, वेळेवर पैसे आणि हात तुटला तर औषधपाणी. त्याच सुमारास उभ्या राहिलेल्या बॉम्बे मिल हँड्स असोसिएशनला आपण आज देशातली पहिली कामगार संघटना म्हणतो. पुढे एका सरकारी अहवालात नोंद झाली की या संघटनेला ना सभासदांची यादी, ना निधी, ना नियम. खरं होतं ते. लोखंडे अर्ज लिहायचे, सभा घ्यायचे, आणि त्यांच्या शब्दावर माणसं जमायची.

सहा वर्षं काही झालं नाही. अर्ज, पुन्हा अर्ज. मग २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सभा झाली, दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रिया उठून बोलल्या. १८९० मध्ये! पुण्यात तेव्हा शिकलेल्या घरातल्या बायकांनी सभेत बोलावं की नाही यावर वाद चालायचे, आणि इथे गिरणीतल्या बाया दहा हजारांपुढे उभ्या. सगळ्यांनी मिळून पुन्हा आठवड्याच्या सुट्टीचा अर्ज केला आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार, म्हणून तो दिवस हवा, असं लोखंड्यांनी मालकांना पटवलं असंही सांगितलं जातं. जेजुरी इथून दोन-अडीच तासांवर, त्यामुळे हा युक्तिवाद आपल्याला लगेच कळतो. (चाकण-भोसरीच्या एमआयडीसीतले श्रोते आता हसत असतील, कारण त्यांच्यापैकी बऱ्याच जणांची सुट्टी गुरुवारी असते. ते विजेच्या नियोजनामुळे. वार बदलला, पण आठवड्याची सुट्टी हा हक्क तोच.)

१८९१ च्या नव्या फॅक्टरी कायद्यात साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास हे दोन्ही आले. बायकांना दिवसाला अकरा तासांची मर्यादा आली, मुलांचं किमान वय नऊ झालं. पुरुषांच्या तासांना मात्र अजूनही मर्यादा नव्हती. ती यायला १९११ उजाडलं, आणि ती होती बारा तास. लोखंडे ते बघायला नव्हते. १८९७ मध्ये प्लेगच्या साथीत लोकांची सेवा करता करता त्यांनाच प्लेग झाला आणि ते गेले.

आता वळू रूमवरच्या तिसऱ्या मित्राकडे. स्वदेशी.

पुण्याला हा विषय जुना आहे. सार्वजनिक काका, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, यांनी १८७२ मध्ये हातानं कातलेलंच नेसायचं व्रत घेतलं आणि १८७७ च्या दिल्ली दरबारात, राजे-महाराजांच्या झगमगाटात, खादी घालून गेले. ऑक्टोबर १९०५ मध्ये पुण्यात विलायती कपड्यांची होळी झाली, सावरकर तेव्हा फर्ग्युसनचे विद्यार्थी, लोकमान्य तिथे बोलले. ही कहाणी आपल्याला शाळेत असते. शाळेत नसतं ते असं की बहिष्कारामुळे मुंबईच्या गिरण्यांच्या मालाला मागणी वाढली, आणि नेमकं त्याच काळात गिरण्यांत विजेचे दिवे आले. सूर्याचं घड्याळ संपलं. चौदा-चौदा, पंधरा-पंधरा तास काम चालायला लागलं. १९०५ मध्ये कामगार या वाढीव तासांविरुद्ध रस्त्यावर उतरले. म्हणजे आपण अभिमानाने जे देशी धोतर नेसत होतो, ते कोणाच्या तरी पंधराव्या तासात विणलेलं असू शकत होतं.

मग बाबू गेनू. हा आपला शेजारी हो! चाकणहून नाशिक रस्त्याने पुढे मंचरला जा, तिथून आंबेगाव तालुक्यातलं महाळुंगे पडवळ. डिंभे धरणाच्या जलाशयाला त्याचंच नाव आहे, आणि पुण्यातल्या मंडईजवळच्या गणपतीमुळे तर नाव सगळ्यांच्या तोंडी. बाबू गेनू सैद मुंबईत गिरणी कामगार होता. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवीच्या भागात विलायती कापड भरलेला ट्रक निघाला, तेव्हा तो त्याच्यासमोर आडवा झाला आणि ट्रक त्याच्या अंगावरून गेला. वय बावीस.

मी या घटनेकडे बघते तेव्हा मला एक गोष्ट टोचत राहते. बाबू गेनूच्या मरणाच्या दोनच वर्षं आधी, १९२८ मध्ये, मुंबईतले दीड लाखाच्या आसपास गिरणी कामगार सहा महिने संपावर होते. विलायती मालकांविरुद्ध नाही, बहुतांश आपल्याच, देशी गिरण्यांच्या मालकांविरुद्ध. त्याच संपात डॉ. आंबेडकरांनी आणखी एक प्रश्न समोर ठेवला. विणकाम खात्यात, जिथे पगार जास्त, तिथे अस्पृश्य कामगारांना घेत नसत. कारण काय, तर धोट्यातला धागा संपला की तोंडाने ओढून काढावा लागायचा, आणि इतर कामगारांना तो विटाळ नको होता. कापड स्वदेशी, मालक स्वदेशी, कामगार स्वदेशी, आणि विटाळही स्वदेशी. बाबू गेनूचं बलिदान याने कमी होत नाही. तो ज्या साम्राज्याविरुद्ध आडवा झाला ते साम्राज्य लुटारूच होतं. पण 'आपलं' हे लेबल लावलं म्हणजे आत सगळं ठीक असेल, असं गृहीत धरता येत नाही.

बहिष्काराचा फटका तिकडे कोणाला बसला? मोठ्या मालकांच्या आधी लँकेशायरच्या कामगारांना. मंदी होतीच, त्यात हिंदुस्थानची मागणी गेली, गिरण्या बंद पडल्या. सप्टेंबर १९३१ मध्ये गांधीजी गोलमेज परिषदेसाठी लंडनला गेले असताना मुद्दाम लँकेशायरला, डार्वेनला गेले. ज्यांची नोकरी आपल्या चळवळीने गेली, त्यांच्या गावात जाऊन राहिले. त्यांना सांगितलं की तुमच्या बेकारीचं मला दुःख आहे, पण आमच्या खेड्यातली उपासमार याहून फार मोठी आहे. तिथल्या गिरणीतल्या बायकांनी त्यांना घेरून हात वर करून जल्लोष केल्याचा फोटो तुम्ही नक्की बघितला असेल. बहिष्कार टाकणं सोपं असतं, ज्याच्या पोटावर पाय येतो त्याच्या दारात जाऊन समजावणं अवघड. मला गांधीजींच्या आयुष्यातला हा प्रसंग मिठाच्या सत्याग्रहाइतकाच महत्त्वाचा वाटतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

बरं, आता आपण आजच्या टी-शर्टवर येऊ.

१९९२ मध्ये अमेरिकेत सिनेटर टॉम हार्किन यांनी एक विधेयक मांडलं, की बालमजुरांनी बनवलेला माल अमेरिकेत येऊ द्यायचा नाही. हेतू चांगलाच होता. पण विधेयक पास व्हायच्या आधीच बांगलादेशातले गारमेंट कारखानदार घाबरले आणि त्यांनी पोरांना काढून टाकलं. अंदाज आहे सुमारे ५० हजार मुलांचा, बहुतेक मुली. त्या शाळेत गेल्या का? नंतर युनिसेफने शोध घेतला तेव्हा कळलं की बऱ्याच जणी दगड-विटा फोडायला, रस्त्यावर विकायला आणि त्याहूनही वाईट ठिकाणी गेल्या. १९९५ मध्ये कारखानदारांची संघटना, युनिसेफ आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी करार केला. मुलांना शाळा आणि घरी थोडी मदत, मगच कामावरून काढायचं. अक्कल आली, पण आधी किंमत पोरींनी दिली.

मग २४ एप्रिल २०१३. तारीख ओळखीची वाटली? मुंबईत दहा हजार कामगार जमले होते, ती हीच तारीख, १२३ वर्षांनी. ढाक्याजवळ सावर गावात राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकानं बंद झाली. वरच्या गारमेंट कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर यायला लावलं, पगार कापायची भीती दाखवून. १,१३४ माणसं मेली, अडीच हजारांच्या आसपास जखमी झाली. ढिगाऱ्यात युरोप-अमेरिकेतल्या नामांकित ब्रँडची लेबलं सापडली.

यानंतर जगभरात लोक म्हणायला लागले की बांगलादेशी कपड्यांवर बहिष्कार टाका. बांगलादेशातल्या कामगार संघटनांनी काय मागितलं? बहिष्कार नाही. त्यांनी ब्रँडना सांगितलं की पळून जाऊ नका, इथेच थांबा आणि कागदावर सही करा. मे २०१३ मध्ये 'अॅकॉर्ड' नावाचा करार झाला. कायद्याने बांधील. ब्रँडनी कारखान्यांची तपासणी करून घ्यायची, आग आणि इमारतीच्या दुरुस्त्या करून घ्यायच्या, आणि कामगार संघटनेला त्यात समान स्थान. दीड हजारांहून जास्त कारखाने यात तपासले गेले. आपल्याकडेही असं एक उदाहरण आहे, तमिळनाडूतलं. २०२२ चा दिंडीगुल करार. एका गारमेंट कारखान्यातल्या लैंगिक छळाविरुद्ध तिथल्या महिला कामगारांची, बहुसंख्य दलित महिलांची, संघटना लढली. कारखाना आणि मोठे परदेशी ब्रँड यांना तिने एकाच करारात बांधलं. यांचंही मागणं ऑर्डर बंद करा असं नव्हतं. ऑर्डर द्या, पण या अटींवर, असं होतं.

लोखंड्यांच्या अर्जाचीच जात आहे ही. म्हणून मी इतका वेळ १८८४ मध्ये घालवला.

मजुरीचं म्हणाल तर बांगलादेशात गारमेंट कामगाराचं किमान वेतन डिसेंबर २०२३ पासून महिन्याला १२,५०० टका झालं. संघटनांनी २३ हजार मागितले होते. त्यासाठी झालेल्या आंदोलनात कामगारांचे जीव गेले. आणि गंमत बघा, टी-शर्ट महाग घेतला म्हणजे शिवणाऱ्या बाईला जास्त मिळालं, असंही नसतं. २९९ चा आणि २,९९९ चा टी-शर्ट कधीकधी एकाच कारखान्यात, शेजारच्या लाइनवर शिवलेला असतो. किमतीत शिलाईची मजुरी हा छोटासा तुकडा, बाकी ब्रँड, दुकान, जाहिरात. त्यामुळे 'स्वस्त म्हणजे वाईट' हे समीकरण डोक्यातून काढा. महाग टी-शर्ट घालून मनाला बरं वाटेल, त्यापलीकडे खात्री काही नाही.

'मेड इन इंडिया' लेबल? मग भिवंडीला जाऊन या. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर मोडत गेल्या आणि कापड यंत्रमागांवर गेलं. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी. तिथे बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, पत्र्याच्या शेडमध्ये कान बधिर करणारा खटखटाट. बरेचसे कामगार उत्तर प्रदेश-बिहारचे. लोखंड्यांनी मागितलेला रविवार त्यांच्यातल्या अनेकांपर्यंत अजून पगारासकट पोचलेला नाही.

एक बातमी पण जोडते. मे २०२५ मध्ये आपल्या सरकारने बांगलादेशी तयार कपड्यांना जमिनीवरच्या सीमेवरून यायला बंदी केली. आता ते फक्त कोलकाता आणि आपलं न्हावा शेवा, या दोन बंदरांतून येऊ शकतात. म्हणजे पुण्यात विकला जाणारा तो माल आता बहुधा उरणला उतरून एक्स्प्रेसवेने घाट चढून येणार, आपल्या पुनावळ्याच्या अंडरपासवरून. इथल्या कापड उद्योगाने या निर्णयाचं स्वागत केलं. त्यात बांगलादेशी बाईचा कळवळा किती आणि स्पर्धा किती, ते १८७४ च्या मँचेस्टरला आठवून ठरवा.

आणि आता थोडं आपल्याकडे. पुनावळ्यातून सकाळी आठला बघा, कंपनीच्या बसेस दोन दिशांना जातात. एक हिंजवडीला, एक चाकणला. हिंजवडीत रोजचा शब्द आहे 'ऑफशोअर'. किनाऱ्यापलीकडचा. कोणाच्या किनाऱ्यापलीकडचा? क्लायंटच्या. ऑफशोअर म्हणजे मी, तुम्ही, आपली अख्खी सोसायटी. आपला रेट त्यांच्या रेटपेक्षा कमी आहे म्हणून ते काम इथे आलं. तिकडचा एखादा तरुण म्हणाला की गरीब बिचाऱ्या भारतीयांना रात्री दोन वाजता कॉलवर बसवून बनवलेलं अॅप मी वापरणार नाही, तर आपल्याला काय वाटेल? मला तर आधी राग येईल. मी म्हणेन, अॅप वापर बाबा, पण तुझ्या कंपनीला सांग की कॉल संध्याकाळी सहाला लाव.

चाकणला तर चित्र आणखी स्पष्ट आहे. इथले सुटे भाग जगभर जातात. त्यामागे कायम कामगारांबरोबर मोठ्या संख्येने कंत्राटी आणि ट्रेनी पोरं आहेत. एकाच लाइनवर, एकच काम, पगार वेगळा. प्रेस शॉपमध्ये बोटं जाण्याचे अपघात होतात, हे इथल्या कोणत्याही पोराला विचारा. लोखंड्यांची १८८४ ची शेवटची मागणी आठवते? दुखापत झाली तर बरा होईपर्यंत पगार. त्यासाठी आज ईएसआय आहे, त्याचा मूळ कायदा १९४८ चा. पण कंत्राटदाराने तुमची नोंदणी कामाच्या पहिल्या दिवशी केली की अपघाताच्या दुसऱ्या दिवशी, यावर सगळं अवलंबून. व्हॉइस नोट पाठवणाऱ्या मित्रा, आणि तुझ्यासारख्या सगळ्यांना सांगते, तुमचा ईएसआय नंबर आजच फोनवर तपासा. टी-शर्टचं नंतर बघू.

टी-शर्टचं बघायचंच असेल तर एक काम करता येतं. राणा प्लाझानंतर बऱ्याच मोठ्या ब्रँडनी आपला माल कोणत्या कारखान्यात बनतो त्याची यादी वेबसाइटवर टाकायला सुरुवात केली. कोणत्या ब्रँडची अॅकॉर्डवर सही आहे, तेही जाहीर असतं. तुमचा आवडता ब्रँड घ्या, शोधा. यादी सापडली तर वाचा. नाही सापडली तर त्यांच्या कस्टमर केअरला विचारा, लेखी. मी दोन भारतीय ब्रँडना विचारलं. एकाकडून 'तुमचा अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे' असं उत्तर आलं, दुसऱ्याकडून २० टक्के सवलतीचं कूपन.

पुढच्या भागात १८ जानेवारी १९८२, डॉ. दत्ता सामंत आणि गिरणगावाचा शेवट. तुमच्या घरात कोणी आजोबा-आजी गिरणीत होते का? त्यांना विचारून त्यांच्याच आवाजात दोन मिनिटं रेकॉर्ड करा आणि पाठवा. भेटू.